मार्था सिस्टरचा तास

१२ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. रक्कम: रवांडात गोरिला बघण्याची तीन परमिटं, दर परमिटाला दीड हजार अमेरिकी डॉलर, म्हणजे साडेचार हजार, त्या दिवशीच्या दराने एक हजार सहाशे शहाण्णव दिनार पाचशे फिल्स. जागा: उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. हजर: मी, माझी बायको सुनीता, मुलगी ईशा आणि मार्था लोपीस, ज्यांना बहारीनमधली आमच्या ओळखीची सगळी मराठी माणसं मार्था सिस्टर म्हणायची.

सिस्टर आल्या त्या कुणाशी न बोलता आधी बेसिनकडे गेल्या. कोपरापर्यंत हात धुतले, पिशवीतल्या स्वतःच्या नॅपकिनला पुसले, आणि मग जणू आत्ताच दारातून आत आल्यासारखं म्हणाल्या, "हां, कशी आहेस सुनीता?" कुणाच्याही घरी त्यांचा हाच क्रम असे. नवीन माणसाला वाटे, बाईंना आपलं घर अस्वच्छ वाटलं. खरं तर त्या आपल्या हातांपासून त्या घराला वाचवत असत.

आपला वाटा त्यांनी रोख आणला होता. पाकीट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "पाचशे पासष्ट आणि अर्धा. मोज."

"सिस्टर, तुमचे पैसे मी कशाला मोजू?"

"तू अकाउंटंट ना? मग मोज. विश्वास चर्चमध्ये ठेवायचा, टेबलावर मोजायचं."

मी मोजले. मग एजंटच्या कागदावरच्या अटी मोठ्याने वाचल्या. तारीख १६ डिसेंबर, बदलता येणार नाही. परमिट नावावर आणि पासपोर्ट नंबरावर, दुसऱ्याला देता येणार नाही. गोरिलांपाशी थांबायला एक तास. सर्दी, खोकला, ताप किंवा पोट बिघडलेल्या माणसाला जंगलात सोडणार नाहीत, आणि पैसे परत मिळणार नाहीत. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

"बाबा, रिलॅक्स. नोबडी इज गोइंग टू फॉल सिक," ईशा म्हणाली. ती सतरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"वाचू दे त्याला, बाय," सिस्टर म्हणाल्या. "हा माणूस बरोबर वाचतो."

त्यांची माझी ओळख नऊ वर्षांची. ईशा आठ वर्षांची असताना तिला जुलाबांनी हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी मीना सलमान बंदरातल्या ऑफिसातून तसाच धावत वॉर्डात गेलो, तर दारात एक ठेंगणी, सावळी, पांढऱ्या बुटांतली बाई आडवी उभी. हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये म्हणून नेमलेली नर्स ती हीच. तिने बेसिनकडे बोट दाखवलं. मी हात धुऊन आलो.

"पुन्हा."

"आत्ताच धुतले ना सिस्टर."

"ते ओले केलेस. धुतले नाय."

मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं ते नंतर विचारलं. म्हणाल्या, "फोनवर बायकोला 'आलोच' म्हणत होतास. आलोच म्हणणारा माणूस हात धुवायला थांबत नाय, मला माहीत हाय." तिसऱ्या खेपेला मला आत सोडलं. ईशा पाच दिवसांत घरी आली. सहाव्या दिवशी सिस्टर आमच्या घरी तिला बघायला आल्या, आणि मग येतच राहिल्या.

त्या वसईकडच्या. भावांची दोन घरं, भाच्यांची शिक्षणं त्यांच्या पगारातून झाली. स्वतःसाठी त्यांनी घेतलेली एकच किमती वस्तू मला ठाऊक आहे, ती म्हणजे दुर्बीण. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी पहाटे त्या ईशाला बुदैयाच्या शेतांकडे पक्षी बघायला नेत. गाडी माझी, म्हणून मीही. तिथे खजुरांच्या कडेला घडीची खुर्ची टाकून त्या बसत, आणि तासभर हलत नसत. मी दहा मिनिटांत बुलबुल मोजून मोकळा होई आणि घड्याळ बघू लागे.

"काय झालं?"

"सात बुलबुल झाले सिस्टर. एक हुदहुद."

"मोजलेस. बघितलंस कुठे? बघायचं म्हणजे थांबायचं."

गोरिलांचा विषय करोनाच्या दिवसांतला. दोन वर्षं त्यांनी माणसांना मास्क लावायला लावण्यात घालवली. शिव्या खाल्ल्या, एकदा कुणाच्या तरी नातेवाइकाने मास्क अंगावर भिरकावला. त्या दिवसांत त्यांनी कुठेसं वाचलं की रवांडाच्या डोंगरात गोरिलांजवळ जाताना माणसं मास्क लावतात, कारण आपली साधी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते. ते पान त्यांनी मला दाखवलं होतं. "इथे माणूस माणसासाठी लावत नाय, आणि तिथे माकडासाठी लावतात. ती जागा मला बघायचीय, पाटणकर. मरायच्या आधी एक तास." गोरिलाला माकड म्हणू नये हे ईशाने त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्या 'ती माणसं' म्हणू लागल्या.

आणि वेळ थोडा होता. ३१ जानेवारीला त्यांचा करार संपणार, व्हिसा रद्द होणार. वसईला थोरली बहीण अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली; पगारी बाई तिचं बघत होती. एकदा घरी गेल्यावर बहिणीला सोडून कुठे जाणं नव्हतं, आणि दीड हजार डॉलर पुन्हा बाजूला पडणं तर नव्हतंच. म्हणजे हा तास मिळाला तर आत्ता, नाही तर कधीच नाही. सुनीताच्या बँकेत वर्षअखेर असल्याने ती येणार नव्हती. आम्ही तिघं.

बारा सप्टेंबरपासून सोळा डिसेंबरपर्यंत पंच्याण्णव दिवस. ते सिस्टरनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. नोव्हेंबर संपता संपता त्या कॅन्टीनमध्ये जेवेनाशा झाल्या, डबा घेऊन जिन्यात बसत. बसमध्ये मास्क. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकट्या. ओळखीच्यांना लांबून हात जोडत. रोज संध्याकाळी मला फोन: "घरात कुणाला काय?"

"काही नाही सिस्टर."

"ईशाच्या वर्गात?"

"काही नाही."

"खलास, मिटलं. उद्या करते."

डिसेंबरच्या नऊ तारखेला आमच्या वखारीचा स्टोअरकीपर माझ्या टेबलासमोर उभा राहून पाऊण तास खोकला. अकराला, गुरुवारी सकाळी, मला घशात कुसळ टोचल्यासारखं झालं. ताप नाही, नाक कोरडं. मी आरशात घसा पाहिला, काही दिसेना. निघायला एक दिवस उरलेला. मी दिवसभर हिशोब मांडत होतो: माझं परमिट गेलं तर पाचशे पासष्ट दिनार पाचशे फिल्स बुडाले, तिकीट वेगळं, मी नसेन तर ईशाला एकटीला सिस्टरबरोबर पाठवायला सुनीता तयार होईल का, नाही झाली तर दोन परमिटं. सगळे आकडे मी मांडले. सिस्टर शेजारी बसणार आहेत हा आकडा मांडला नाही.

"आवाज बसलाय तुमचा," सुनीता म्हणाली.

"एसी."

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "घरात कुणाला काय?" मी म्हणालो, "काही नाही." खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या.

विमानात त्या माझ्या आणि ईशाच्या मध्ये बसल्या. खोकला आला की मी उठून टॉयलेटमध्ये जात होतो. किगालीला उतरलो आणि तिथून पुढे तीन दिवस एकच जीप, काचा बंद, कारण लाल रस्त्यांवरची धूळ. पहिले दोन दिवस अकागेराच्या रानात. पाणघोडे पाहिले, झेब्रे पाहिले. सिस्टरनी मात्र ड्रायव्हरला थांबवलं ते बबूनांच्या एका टोळीपाशी. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी मादी बसली होती आणि दुसरी तिच्या पाठीतलं एकेक काहीबाही वेचत होती. चाळीस मिनिटं. इतर गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या.

"आंटी, दे आर जस्ट बबून्स," ईशा म्हणाली.

"गप. ड्रेसिंग चाललंय. बघ, आधी केस बाजूला करते, मग बघते, मग हात लावते. आमच्या नवीन पोरींना हे शिकवायला मला सहा महिने लागतात."

त्या इतक्या खूश होत्या की मला बघवत नव्हतं. त्याच वेळी मला खोकला आला. दाबला, तर डोळ्यांत पाणी. सिस्टरनी दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे वळल्या.

"घसा?"

"नाही. धूळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हां, धूळ हाय खरी. आणि तू काय खोटा आकडा लिहिणारा नाय." दुर्बीण पुन्हा वर गेली.

सोळा डिसेंबरला सकाळी सात वाजता आम्ही ज्वालामुखींच्या पायथ्याशी असलेल्या उद्यानाच्या ऑफिसात होतो. हवा गार, डोंगरांची डोकी ढगात. वेगवेगळ्या देशांचे लोक गटागटाने उभे, आमच्या गटात आठ जण. आमचा गार्ड उंच, शांत बोलणारा. त्याने नियम सांगितले: इतकं अंतर, मास्क, मोठा आवाज नाही, खोकला नाही. मग म्हणाला, "कुणाला बरं नसेल तर आत्ताच सांगा. वर गेल्यावर सांगू नका."

मी बुटांच्या नाड्या बघत होतो. त्यात एक हात वर गेला. पांढऱ्या बाहीतला, छोटा.

"मी," सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. "आज पहाटेपासून घसा धरलाय. ताप नाही. पण उद्या सर्दी होणार, मला माहीत आहे. मी नर्स आहे."

गार्ड क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. बाकीचेही. कुणालाही कळलं नसतं. मलासुद्धा कळलं नव्हतं, आणि मी रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवलो होतो.

"आंटी, नो!" ईशाने त्यांची बाही धरली. "इट्स नथिंग! प्लीज, आंटी, व्हाय?"

"हात सोड आधी, बाय. सोड." त्या मागे सरकल्या आणि गार्डला म्हणाल्या, "ही मुलगी आणि तिचे वडील माझ्या गाडीत होते. त्यांना तपासा."

ईशाचा ताप पाहिला, घसा पाहिला, दहा प्रश्न विचारले. दोन मास्क लावून सगळ्यांच्या मागे राहायच्या अटीवर सोडलं. माझा ताप पाहिला. नव्हता. "तुम्हाला काही?" गार्डने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "जा, पाटणकर. नीट बघ. मोजत बसू नकोस." आणि आपलं सामान उचलायला ठरवलेल्या पोर्टरला त्यांनी ठरलेले सगळे पैसे देऊन टाकले, कारण त्याने सकाळ राखून ठेवली होती.

आम्ही बटाट्याच्या शेतांतून वर निघालो. तासाभराने दगडांची एक कंबरभर भिंत लागली. अलीकडे शेतं, पलीकडे जंगल. गार्ड म्हणाला, इथे पाणी प्या, मास्क लावा, आता आत. माझ्या पोर्टरने मला ओलांडायला हात दिला. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी म्हणालो, "मी आजारी आहे. पाच दिवसांपासून."

गार्ड रेडिओवर बोलला. ईशा भिंतीवर चढलेली होती. तिने वळून पाहिलं, मास्कवरचे डोळे तेवढे दिसले. मी म्हणालो, "तू जा." ती पलीकडे उतरली.

मी खाली आलो तेव्हा सिस्टर ऑफिसबाहेर झाडाखालच्या बाकावर होत्या, मास्क लावून.

"तू? पडलास काय?"

"नाही." मी लांब उभा राहून सगळं सांगितलं.

"केव्हापासून?"

"गुरुवारपासून. घरापासूनच."

"विमानात होता?"

"हो."

"मी गाडीत विचारलं तेव्हा?"

"हो."

त्या उठल्या. फाटकाशी हात धुवायचा नळ होता, तिथे गेल्या. खूप वेळ धूत होत्या. परत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"त्या गार्डला सांगितलंस?"

"हो."

"ती माणसं दिसायच्या आधी?"

"आधी. भिंतीच्या अलीकडे."

"मग ती वाचली." मग म्हणाल्या, "जिन्यात बसून जेवले मी. पंधरा दिवस. हॉस्पिटलातल्या दोनशे माणसांपासून पळाले, आणि शेजारी कोण बसला? खिशात औषध लपवणारा अकाउंटंट. आता मला तुझ्याशी बोलायचं नाय. आज नाय."

मी गाडीत जाऊन बसलो. तीन तास त्या तिथे आणि मी इथे.

दोन वाजता ईशा आली. बूट चिखलाने भरलेले, चेहरा वेगळाच. माझ्याकडे न येता सरळ सिस्टरकडे गेली. सिस्टरनी आधी तिला नळावर पाठवलं, मग दहा फुटांवर बसवलं. गाडीची काच मी खाली केली.

"सांग."

"आंटी, इट वॉज सो..."

"मराठीत सांग, बाय. इंग्रजीत तू पळतेस. मला साठ मिनिटं पायजेत."

ईशा थांबली. आणि मग शब्द शोधत, अडखळत सांगू लागली. "एक आई होती. बेबी तिच्या पाठीवर होता. मग तो पडला. म्हणजे... उतरला. आईने त्याला पायाने धरला."

"पायाने? कुठल्या?"

"डाव्या. बघितलं पण नाही तिने. असंच धरला."

"हात कसे होते?"

"सेम. आपल्यासारखे. नखं पण. बोटांवर... ते काय म्हणतात, लाइन्स..."

"सुरकुत्या."

"सुरकुत्या. मग ती पानं खात होती. मग काहीच नाही झालं."

"किती वेळ काही नाय झालं?"

"खूप वेळ."

"मग ते सांग."

"काहीच झालं नाही ते कसं सांगू, आंटी?"

"सांग. तेच मला बघायचं होतं."

ईशाने सांगितलं. ऊन कुठून येत होतं, माशी कुठे बसली, आईने किती वेळा डोळे मिटले. माझ्या मुलीला इतकं सलग मराठी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं नाही. तरी तासाहून जास्तच झाला असेल. मधेच सिस्टरना शिंका येऊ लागल्या. ईशा रडत होती, पण थांबली नाही.

परतीच्या विमानात सिस्टरनी जागा बदलून घेतली. पाच दिवस त्या सर्दीने घरात होत्या; सुनीता त्यांच्या दाराशी डबा ठेवून येई. रोजचा फोन बंद झाला. संध्याकाळी सात वाजता फोनकडे बघायची मला सवय लागली होती, ती काही गेली नाही. ईशाही माझ्याशी कामापुरतं बोले. तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, गुरुवारच्या सकाळपासून. ती म्हणाली, "आय नो. आंटीने मला विचारलं होतं, बाबांवर रागावलीस का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, रागव, बट डोंट काउंट." एवढंच.

३० जानेवारीला, शुक्रवारी, मी त्यांच्या खोलीवर गेलो. दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान. दारात चार खोकी बांधलेली. मी आत शिरलो तो आधी बेसिनपाशी गेलो आणि हात धुतले. त्या टेपने पाचवं खोकं बंद करत होत्या. मान वर करून बघितलं. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"किती?"

"पाचशे पासष्ट दिनार पाचशे फिल्स."

मला वाटलं होतं, त्या परत करतील, रागावतील. त्यांनी पाकीट उघडलं, मोजले, आणि मोजून झाल्यावर दोन ढीग केले.

"वॉर्डात मी कुणाला एकदा विचारून सोडत नाय," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारते. पहिल्यांदा माणूस जे सुचेल ते सांगतो, दुसऱ्यांदा खरं सांगतो. तीस वर्षं मी हे पोरींना शिकवलं. गाडीत तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, पाटणकर. मी बघितलं. मी एकदाच विचारलं."

"सिस्टर, मी खोटं बोललो. तुमचा काय दोष?"

"दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास, आणि मग मला त्याच दिवशी गाडीतून उतरावं लागलं असतं. ते मला नको होतं. मला जायचं होतं रे." त्यांनी टेप कापली. "म्हणून अर्धे तुझे, अर्धे माझे. सगळे घेतले तर मी खोटी."

मी टेबलावरच्या दोन्ही ढिगांकडे पाहिलं.

"तासाचं काय, सिस्टर?"

"तासाचं मफी, काय नाय," त्या म्हणाल्या. "तो काय मोजायचा? ते खोकं धर तिकडून, जड हाय."

पाचही खोकी आम्ही दोघांनी खाली नेली. जिन्यात दोनदा थांबलो, कारण त्यांना दम लागत होता. खाली कार्गोवाल्याने वजन केलं, त्यांनी सही केली आणि वर जाताना माझ्या हातात उरलेल्या पैशांचं पाकीट दिलं.

दिले: मार्था लोपीस यांना, रोख, दोनशे ब्याऐंशी दिनार सातशे पन्नास फिल्स. त्याहून जास्त त्यांनी घेतले नाहीत.